पाण्याऐवजी कॅप्सूल : मुदतीच्या तापाचा इतिहास

माझी माय मरेपर्यंत एका गोष्टीवर ठाम होती. धाकट्या लेकाला आपणच मारले, असे ती म्हणे. १९९१ च्या जानेवारीत तो उसाच्या फडावर मुदतीच्या तापाने गेला, तेव्हा त्याचे वय बावीस होते. मायचे हे मत तिचे स्वतःचे नव्हते. ते तिला दिले गेले होते. ज्या दवाखान्यात भाऊ गेला, तिथे कागदावर अंगठा घेताना डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही लोक औषधाचा कोर्स पुरा करीत नाही, म्हणून औषधे चालेनाशी झाली." हे वाक्य त्यांनी रागाने म्हटले नव्हते. रोज दहा जणांना सांगावे तसे ते सांगितले होते. पण त्या वाक्याने मायला १९७२ साल आठवले आणि उरलेले आयुष्य ती त्या सालातच अडकून पडली.

हा लेख मी तिच्यासाठी लिहितो आहे. ती वाचू शकत नव्हती आणि आता ऐकायलाही नाही. पण तिच्यावर ठेवला गेलेला आरोप तिच्या एकटीवरचा नाही. औषधांना दाद न देणारे जंतू वाढले, याचा दोष आजही अडाणी, अर्धवट औषध घेणाऱ्या गरिबाच्या माथी मारला जातो. हा आरोप इतिहासाच्या कसोटीवर टिकतो काय, हे तपासणे मला आवश्यक वाटते.

•

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ नालाबंडिंगचे काम निघाले होते. बाप खडी फोडी, माय माती वाही, आम्ही पोरे सुकडीच्या ओळीत उभे राहू. कामावर पाण्याचे एक पिंप होते. त्याला हात लावण्याची आम्हाला मुभा नव्हती. कोणी वरून ओतले तर ओंजळीने प्यायचे. गावातली विहीर आमची नव्हतीच. वस्तीतला आड आटला, तेव्हा नदीच्या पात्रात झिरा खणून आम्ही वाटीवाटीने पाणी भरले. त्याच पात्रात वरच्या अंगाला जनावरे बसत आणि माणसेही बसत. याच दुष्काळात बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' ही हाक देत गावोगाव फिरत होते. आमच्या गावापर्यंत ती हाक आली नाही, ताप मात्र आला.

त्याला आमच्याकडे मुदतीचा ताप म्हणतात. सात दिवस, चौदा दिवस, एकवीस दिवस अशी त्याची मुदत लोक मोजत. एकविसावा दिवस पार केला तो जगला. दुसऱ्या आठवड्यात मी बरळू लागलो. बापाने मायच्या हातातले चांदीचे गोठ मोडले आणि तालुक्याच्या डॉक्टरकडून क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सुला आणल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. पाकिटात चार कॅप्सुला उरल्या होत्या. मायने त्या फडक्यात बांधून डबीत ठेवल्या. गोठ मोडून आणलेली वस्तू, पोर हसूखेळू लागल्यावर, संपवून कशी टाकायची? पुढे शेजारच्या पोरीला ताप आला तेव्हा त्यातल्या दोन तिने दिल्या. या त्या चार कॅप्सुला. यांच्यामुळेच आपला धाकटा लेक गेला, अशी मायची समजूत झाली होती.

•

मधल्या अठरा वर्षांत मी शिकलो. १९८४ साली आरोग्य सेवक म्हणून नोकरीला लागलो. धाकटा मात्र कोयत्यावर गेला. दसरा झाला की मुकादमाची उचल घ्यायची, टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जायचे, पाच-सहा महिने कोपीत राहायचे, हे आमच्या जिल्ह्यातल्या लाखो माणसांचे जिणे आहे. फडावर पाणी म्हणजे पाटाचे. त्याच पाटावर धुणे, आंघोळ, बैल, आणि आडोशाला बाकी सारे.

निरोप आला तेव्हा त्याला ताप येऊन आठवडा झाला होता. मुदतीचा ताप आहे हे मी पाहताक्षणी ओळखले. मला ज्याने वाचवले तेच औषध मी स्वतः विकत घेतले आणि शेजारी बसून वेळच्या वेळी दिले. एकही कॅप्सूल चुकली नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला नाही, आठव्या दिवशी उतरला नाही. मुकादम येऊन बघून गेला. भाऊ म्हणाला, "दादा, खाडा पडू लागलाय, उचल कशी फिटंल?" दहाव्या दिवशी त्याचे पोट दगडासारखे झाले. आतडे फुटले होते. आम्ही ट्रॅक्टरवर घालून त्याला मोठ्या दवाखान्यात नेले. पुढचे वर सांगितलेच आहे.

दहा दिवस मी त्या कॅप्सुलेवर विसंबलो. हा माझा दोष मी लपवीत नाही. पण त्याच घरात, त्याच तापाला, तेच औषध एका भावाला लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, हे कसे झाले? नोकरीतल्या प्रशिक्षणांत, डॉक्टरांना विचारून आणि पुढे मिळेल ते वाचून जे हाती लागले ते असे आहे.

•

मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, हा पोटाचा रोग समजला जातो. वास्तविक तो रक्ताचा संसर्ग आहे. आजारी माणसाच्या विष्ठेतून जंतू पाण्यात येतो, पाण्यातून दुसऱ्याच्या आतड्यात, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात, आणि रक्तातून यकृत, प्लीहा, पित्ताशयात. पित्ताशयात तो वर्षानुवर्षे तळ ठोकून राहू शकतो. औषध नव्हते त्या काळात शंभरातले दहा ते वीस रोगी दगावत. माणसाखेरीज या जंतूला दुसरे घर नाही. म्हणून एकाची विष्ठा दुसऱ्याच्या पाण्यात जाणार नाही एवढी व्यवस्था झाली की त्याचा वंश खुंटतो.

ही गोष्ट शास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन घालण्यास सुरुवात झाली. युरोप-अमेरिकेतल्या शहरांनी पाणी गाळले, नळ घातले, गटारे बांधली. पुढच्या तीस वर्षांत तिथला टायफॉइड मोठ्या प्रमाणात ओसरला. लक्षात घ्यायचे ते हे, की तेव्हा टायफॉइडवर एकही औषध नव्हते. क्लोरोमायसेटिनचे मूळ औषध क्लोरॅम्फेनिकॉल १९४७ साली व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून मिळाले आणि १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे ते टायफॉइडच्या रोग्यांना प्रथम दिले गेले. म्हणजे गोऱ्या देशांनी हा रोग औषधाने नव्हे, पाण्याने हटवला होता. औषध आले तेव्हा त्याची खरी गरज उरली होती ती आमच्यासारख्यांना.

हिंदुस्थानातही पाण्याचे ज्ञान पोचले नव्हते असे नाही. इंग्रजांच्या छावण्यांना वेगळे पाणी होते. आल्मरॉथ राइट यांची टायफॉइडची लस १८९८ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांना टोचली गेली. ज्यांच्या जिवाला राज्याच्या हिशेबात किंमत होती त्यांना पाणी मिळाले आणि लसही मिळाली. स्वातंत्र्यानंतर राज्य बदलले, हिशेबाची रीत मात्र पुष्कळशी तीच राहिली. गावाला नळ आला तो गावठाणापर्यंत. वस्तीला नळाऐवजी कॅप्सूल आली, आणि तीही गोठ मोडल्यावर. नळ एकदा घातला की पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. कॅप्सूल दर तापाला नव्याने घ्यावी लागते. पाणी तेच राहिले म्हणून ताप फिरून येत राहिला. ताप येत राहिला म्हणून औषध वाहत राहिले.

•

आता जंतू कसा बदलतो ते पाहू. औषध जंतूला शिकवते आणि मग तो धीट होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी प्रयोगाने दाखवले, की जंतूंमधला असा बदल हल्ला होण्यापूर्वीच कुठेतरी आपोआप झालेला असतो. कोट्यवधी जंतूंत एखादा वेगळा निपजतो. औषध फक्त उफणणी करते. सुपातून भूस उडून जावे आणि दाणा खाली राहावा, तसे साधे जंतू मरतात आणि न मरणारा उरतो. मग रिकाम्या झालेल्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. जितक्या वेळा उफणणी, तितका न मरणारा दाणा अधिक.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जपानमध्ये १९५० च्या दशकात आमांशाचे जंतू एकाच वेळी तीन-चार औषधांना दाद देईनासे झाले. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवले, की ही शक्ती एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे तयार स्वरूपात जाते. शास्त्रात तिच्या वाहकाला प्लाझ्मिड म्हणतात. मी त्याला गाठोडे म्हणेन. जंतू जंतूला भेटतो आणि गाठोड्याची नक्कल देऊन जातो; जात वेगळी असली तरी देतो. ही भेट कुठे होते? माणसाच्या आतड्यात, जनावराच्या आतड्यात, आणि जिथे सगळ्यांची घाण एकत्र होते त्या गटाराच्या पाण्यात.

१९७२ साली हे गाठोडे टायफॉइडच्या जंतूजवळ आलेले दिसले. मेक्सिकोत त्या वर्षी क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉइडची प्रचंड साथ आली. रोग्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. त्याच वर्षी केरळात कोळिकोड येथे असाच जंतू सापडला. म्हणजे मी ज्या साली क्लोरोमायसेटिनने वाचलो, त्याच साली त्या औषधाचा शेवट देशाच्या दक्षिण टोकाला सुरू झाला होता. पुढे १९८९ ते १९९२ या काळात कलकत्ता, मुंबई, पुणे येथून एकामागून एक नोंदी आल्या. आता गाठोड्यात क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, कोट्रायमोक्साझोल अशा तिन्ही जुन्या औषधांवरचा तोडगा एकत्र बांधलेला होता. जंतूंच्या जनुकांची अलीकडे जी वंशावळ मांडली गेली, तीवरून जगभर पसरलेले हे घराणे १९८० च्या दशकात दक्षिण आशियात उदयाला आल्याचे दिसते. माझ्या भावाच्या रक्तात काय होते याची तपासणी कोणी केली नाही. पण साल तेच होते आणि लक्षण तेच होते.

तेव्हा मायवरच्या आरोपाचे काय झाले? औषध अर्धवट सोडू नये, हे मी नोकरीभर सांगत आलो आणि आजही सांगतो. टायफॉइडमध्ये औषध लवकर सोडले तर ताप उलटतो, जीवही जातो. पण हा जंतू घराघरांतल्या उरलेल्या कॅप्सुलांवर थोडा थोडा धीट होत गेलेला नाही. त्याला तीन औषधांवरचे गाठोडे एकदम, दुसऱ्या जंतूंकडून मिळाले आणि पाण्याबरोबर ते प्रांतोप्रांत गेले. तीन औषधांपैकी दोन तर आमच्या घरात कधी आलीच नव्हती. डबीतल्या चार कॅप्सुलांनी हे घडणे शक्य नव्हते. मायने भावाला मारले नाही. हे मला कळायला पुष्कळ वर्षे लागली, आणि तोवर ती गेली होती.

•

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिन आले, त्याने हजारो जीव वाचवले, आणि दहा-पंधरा वर्षांत तेही लुळे पडत गेले. मग सेफ्ट्रिॲक्झोनची इंजेक्शने आली. खेड्यातल्या दवाखान्यांत रक्ताचा नमुना वाढवून जंतू ओळखण्याची सोय नसते. विडाल नावाची जुनी चाचणी करून "टायफॉइड निघाला" म्हणायचे आणि सलाईनमधून इंजेक्शन सोडायचे, हा धंदा आमच्या जिल्ह्यात मी डोळ्यांनी पाहिला. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातल्या सिंधमधील हैदराबादेत सेफ्ट्रिॲक्झोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. तिथल्या जंतूला नवे गाठोडे मिळाले होते ते आतड्यातल्या सामान्य जंतूकडून. यात एक गमतीची गोष्ट अशी, की डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल वापरणे सोडल्यावर आपल्या देशातले टायफॉइडचे पुष्कळ जंतू पुन्हा त्या औषधाला दाद देऊ लागले. उफणणी थांबली की गाठोड्याचे ओझे वाहणाऱ्याला फायदा उरत नाही.

टायफॉइड हा एकच जंतू झाला. दवाखान्यांतल्या अतिदक्षता विभागात रक्तात शिरणारे दुसरे जंतू तर शेवटच्या राखीव औषधांनाही हटत नाहीत. अशा एका जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिले गेले म्हणून २०१० साली आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. देशाची बदनामी झाली असे म्हटले गेले. २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. रस्त्यात, नाल्यात साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये ते जनुक होते. नावावर जेवढे भांडण झाले तेवढे त्या पाण्यावर झाले नाही.

•

रोगाचा दोष खालच्याच्या पदरात टाकण्याची रीत जुनी आहे. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, आणि तो ओढायला आमचीच माणसे. ही रीत केवळ आपल्या देशाचीही नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. तिच्या पित्ताशयात टायफॉइडचे जंतू होते, ती स्वतः धडधाकट होती. १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ साली मरेपर्यंत तिला एका बेटावर कोंडून ठेवले. तिच्यासारखे दुसरे वाहक शहरात माहीत होते, ते मोकळे होते. नाव मात्र तिचे रोगाला कायमचे चिकटले.

अडाणी माणूस औषध नीट वापरू शकत नाही, हेही खरे नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत तिथल्याच बायांना शिकवले. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे ओळखून घरच्या घरी जेंटामायसिनचे इंजेक्शन त्या देऊ लागल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या बाया खेड्यातल्याच, थोड्या शिकलेल्या. त्यांना औषध मोजून दिले, शिक्षण दिले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला, एवढाच काय तो फरक.

उलट जिथे हे काहीच दिले जात नाही, तिथे काय होते ते बीड जिल्ह्याने दाखवले आहे. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे जे आकडे आले त्यांनुसार पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्याची कारणे अनेक आहेत. पण फडावर आडोसा नाही, स्वच्छ पाणी नाही, विश्रांती नाही; त्याऐवजी शस्त्रक्रिया आहे. भावाला पाण्याऐवजी कॅप्सूल मिळाली, या बायांना पाण्याऐवजी सुरी. व्यवहार एकच आहे.

•

माझ्या नोकरीतली एक आठवण सांगून थांबतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकायची आणि ओटी टेस्ट घेऊन पाण्यात क्लोरीन उतरले की नाही ते नोंदवायचे, हे माझे काम होते. मला दिलेल्या पाणवठ्यांच्या यादीत गावची विहीर होती, नळयोजनेची टाकी होती, मळ्यांतल्या विहिरीही होत्या. वस्तीचा आड नव्हता. मी वरच्या कार्यालयात विचारले, तर उत्तर मिळाले की यादी पूर्वीपासून अशीच आहे. यादीत नाही त्या आडाला पावडर मंजूर नाही. मी उरलेली पावडर नेऊन त्या आडात टाकीत असे. नोंद मात्र करता येत नसे. कागदावर त्या पाण्याला अस्तित्वच नव्हते. १९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ज्या हक्काचा उच्चार केला तो आरोग्याचाही हक्क होता, हे मला त्या रजिस्टरपुढे बसून समजले.

२०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर शेड्यूल एच-वनचे बंधन आले. ते हवेच. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी लस एक लाखाहून अधिक मुलांना दिली. सार्वजनिक कार्यक्रमातून ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रयोग ठरला. गोऱ्या सैनिकांना राइटची लस मिळाल्यानंतर १२० वर्षांनी वस्तीतल्या पोरांच्या दंडापर्यंत नवी लस आली, याचा मला आनंदच आहे. ही लस फडावर जाणाऱ्या लेकरांना, आश्रमशाळांना, पालांवर मिळाली पाहिजे. पण लसदेखील पाण्याची जागा घेऊ शकत नाही. लस एका जंतूला अडवते. पाणी शुद्ध झाले तर तापच येत नाही, औषध लागत नाही, उफणणी होत नाही, आणि गाठोड्यांची देवघेव जिथे चालते ती जागाच नाहीशी होते.

नवे औषध शोधा, असे जग आज म्हणते आहे. शोधावेच. माझी मागणी मात्र जुनी आहे आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. कोयत्याचा करार होतो त्या कागदावर, उचलीच्या आकड्याच्या आधी, पिण्याच्या शुद्ध पाण्याची आणि शौचालयाची ओळ लिहा. ती पाळली नाही तर खाड्याचा दंड मजुराला नव्हे, कारखान्याला लावा. वस्तीचा आड पाणवठ्यांच्या यादीत घ्या. आणि तापाने फणफणलेले पोर घेऊन एखादी बाई दवाखान्याच्या दारात आली, तर "तुम्ही लोक" असे म्हणण्यापूर्वी ती कुठले पाणी पिऊन आली आहे, हे तिला विचारा.